वारुळावरच्या अळंबीला नाव देणारा

आषाढातली झड पाच-सहा दिवस लागून राहते, मग एखाद्या रात्री ढग गडगडतात आणि सकाळी थोडी उघडीप मिळते. अशा सकाळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक गावांत काही माणसे उजाडण्याआधीच बाहेर पडतात. काजूच्या बागेची कड, बांधालगतचे जुने वारूळ, देवराईच्या वाटेवरचा उंचवटा या जागा त्यांना पाठ असतात. त्या जागा सहसा कोणी कोणाला सांगत नाही. टोपलीत येते ती पांढरी, करड्या टोकाची, लांब मुळाची अळंबी. कांदा-खोबऱ्याच्या वाटणातली तिची भाजी ज्याने एकदा खाल्ली, त्याला बाजारातले बटण मशरूम पुन्हा तितकेसे आवडत नाही. गोव्यात हिलाच अळमी म्हणतात आणि पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेले तिचे वाटे विकायला येतात.

बटण मशरूम बंद खोलीत कंपोस्टवर वाढवता येते, धिंगरी भाताच्या पेंढ्यावर घेता येते. वारुळावरच्या अळंबीची व्यापारी लागवड मात्र जगात कोणालाही जमलेली नाही. याचे कारण जमिनीखाली, वाळवीच्या घरात आहे. ते नीट समजून घेऊन या अळंब्यांना एका नावाखाली आणणारा संशोधक फ्रेंच होता. त्याचे नाव रॉजे हाइम.

हाइम यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९०० रोजी पॅरिसमध्ये झाला. शिक्षण आधी इंजिनियरिंगचे झाले. पॅरिसच्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या या तरुणाला कारखान्यात चांगली जागा मिळाली असती, पण त्याचे मन जंगलातल्या भूछत्रांत अडकले होते. तो पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत शिरला. पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य या संस्थेशी बांधलेले राहिले.

१९३१ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. विषय होता इनोसायबी नावाची भूछत्रे. हा विषय कोणी हौसेने निवडावा असा नाही. ही भूछत्रे लहान, तपकिरी, मातकट आणि दिसायला एकसारखी. टोपीवर धाग्यांसारख्या बारीक रेषा, एवढीच डोळ्यांना दिसणारी खूण. झाडाखाली उगवलेल्या अशा छत्रीला आपल्याकडे कुत्र्याची छत्री म्हणून लोक लाथेने उडवतात. पण यातल्या बऱ्याच जातींत मस्करीन हे विष असते. खाल्ल्यावर पंधरा मिनिटांपासून दोन तासांत दरदरून घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, नाडी मंदावते. ॲट्रोपिन हे यावरचे औषध दवाखान्यात मिळते; वेळेवर पोहोचलेला रोगी बहुधा वाचतो. शेकडो जातींपैकी कोणती कोणती, हे सांगायला सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार आणि टोपीखालच्या पापुद्र्यांवरच्या पेशी तपासाव्या लागतात. हाइम यांनी सुरुवातच इथून केली. एखादी छत्री ओळखीची वाटणे वेगळे आणि ती ओळखणे वेगळे, हा धडा त्यांना पहिल्याच कामात मिळाला.

ते स्वतः उत्तम चित्रकारही होते. भूछत्राचा नमुना ठेवण्यात मोठी अडचण अशी, की फुलासारखा तो दाबून वाळवला तर त्याचे सगळे रूपच जाते. रंग उडतो, टोपी सुरकुतते, वास नाहीसा होतो. म्हणून ताजे असतानाच त्याचे जलरंगात चित्र काढायचे, वास टिपायचा, मोडल्यावर रंग बदलतो का ते पाहायचे आणि मुख्य म्हणजे ते मुळापासून उपटायचे. जमिनीत काय आहे ते न पाहता वरची छत्री कापून आणणे ही भूछत्रशास्त्रातली मोठी चूक समजली जाते.

ती का, हे समजायला जगातल्या सर्वांत घातक भूछत्रांकडे पाहावे लागते. ॲमानिटा प्रजातीतल्या काही जातींच्या दांड्याच्या तळाशी वाटीसारखे एक आवरण असते. ही वाटी मातीत दडलेली असते. सुरीने वरचा भाग कापून आणला, की सर्वांत महत्त्वाची खूण मागेच राहते आणि हातात येते ती एक देखणी, पांढरट, निरुपद्रवी वाटणारी छत्री. तिच्यातली अमॅटॉक्सिन नावाची विषे शिजवून जात नाहीत, वाळवूनही जात नाहीत, चवीलाही कळत नाहीत. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, काहीच होत नाही. मग जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांत ते थांबतात आणि घरच्यांना वाटते, बरे झाले, निभावले. याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसू लागते, तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणूनच डॉक्टर विचारतात की खाल्ल्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास जास्त धोक्याचा मानतात. उरलेली भाजी, निवडताना टाकलेले देठ, काहीही शिल्लक असेल तर ते रोग्याबरोबर न्यावे. भाजी इतरांनी खाल्ली असेल आणि त्यांना अजून काही झाले नसेल, तरी त्यांनीही सोबत जावे.

घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या परीक्षा इथे उपयोगी पडत नाहीत. चांदीचे नाणे टाकले आणि काळे पडले नाही, लसूण किंवा तांदूळ घालून शिजवले आणि रंग बदलला नाही, गोगलगायीने किंवा किड्याने कुरतडलेले आहे, यापैकी कशावरूनही भूछत्र खाण्याजोगे ठरत नाही. माणसाला मारणारे भूछत्र गोगलगाय आरामात खाते. पांढरे ते चांगले आणि रंगीत ते वाईट, हा समजही तितकाच खोटा. पावसाळ्यात हिरवळीवर आणि मैदानांवर येणारे क्लोरोफायलम नावाचे मोठे भूछत्र कोवळे असताना पांढरेशुभ्र दिसते, आणि ते खाऊन तीन तासांच्या आत उलट्यांनी हैराण होणारे लोक दरवर्षी निघतात. पुढे त्याच्या टोपीखालचे पापुद्रे हिरवट होतात, पण तोवर वाट कोण पाहतो?

भूछत्रशास्त्रज्ञांची एक साधी परीक्षा मात्र घरीही करून पाहता येते. दांडा कापून टोपी कागदावर पालथी घालायची, वर वाडगे झाकायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. क्लोरोफायलमचा ठसा हिरवट असतो, ॲमानिटाचा पांढरा, वारुळावरच्या अळंबीचा गुलाबीसर. यावरून एखादे भूछत्र नक्की काय नाही, हे कळू शकते. ते खावे का, हे कळत नाही, कारण गुलाबी ठशाची विषारी भूछत्रेही आहेत.

१९३० च्या दशकात हाइम मादागास्करला आणि पुढे आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात गेले. तिथे त्यांच्यासमोर वारुळे आली. आफ्रिकेतली काही वारुळे माणसापेक्षा कितीतरी उंच असतात, आणि पहिल्या पावसानंतर त्यांच्या अंगावर, आसपास छत्र्या फुटतात. तिथले लोकही त्या आवडीने खातात. प्रश्न असा होता की या छत्र्या नेमक्या कोणाच्या. वारुळात आपोआप रुजलेल्या, की वाळवीने लावलेल्या?

प्रश्न जुना होता आणि त्याची एक सुरुवात भारतातच झाली होती. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग हा डॉक्टर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर डॅनिश वसाहतीत, थरंगमबाडीला राहत होता. १७७९ मध्ये त्याने वाळवीवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात वारुळाच्या आत वाढणाऱ्या बुरशीची नोंद आहे. पुढे १८४७ मध्ये इंग्लंडच्या बर्कली यांनी श्रीलंकेहून आलेल्या अशा अळंब्यांना शास्त्रीय नावे दिली, पण दूर देशी बसून, वाळलेल्या नमुन्यांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेतच टॉम पेच यांनी वारुळे उकरून बराच उलगडा केला. तरीही शास्त्रीय नोंदींत या अळंब्या विखुरलेल्याच राहिल्या. टोपीच्या आकारावरून एक इकडे, वलयावरून दुसरी तिकडे, अशा त्या वेगवेगळ्या प्रजातींत वाटल्या गेल्या होत्या. एकाच घरातल्या भावंडांना वेगवेगळी आडनावे लावावीत तसा हा प्रकार. त्यात भर म्हणजे वाळवीने वारूळ सोडले की आत काळ्या काड्यांसारखी दुसरीच एक बुरशी माजते. खरी पिकवलेली बुरशी ती की ही, यावरही मतभेद होते.

हाइम यांनी वरची छत्री आणि खालचे वारूळ यांचा अभ्यास एकत्र केला. छत्रीच्या देठाखाली जे लांब मूळ दिसते, ते मुळात मूळ नव्हेच. तो देठाचाच जमिनीखालचा भाग असतो. तो थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत पोहोचतो. हे पोळे मधमाशीच्या पोळ्यासारखे नीटस नसते. अक्रोडाच्या गरासारखे वळ्यावळ्यांचे, स्पंजासारखे हलके असते. वाळवीच्या कामकरी किड्यांनी पाने, काड्या, लाकूड खाल्ले की त्यातला बराच भाग अर्धवट पचलेला बाहेर पडतो. त्याच विष्ठेचे हे पोळे बांधतात. त्यावर बुरशी वाढते आणि लाकडातला जो कठीण भाग वाळवीला पचत नाही, तो ती मोडून देते. पोळ्यावर खसखशीहून जरा मोठे पांढरे दाणे धरतात. वाळवी ते दाणे खाते, आणि जुने झालेले पोळेही खाते. वर नवे थर चढवत जायचे, जुने संपवत जायचे, असे हे शेत वर्षानुवर्षे चालते. आजच्या अभ्यासानुसार वाळवीने ही शेती आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू केली. माणसाच्या शेतीला फार तर दहा-बारा हजार वर्षे झाली आहेत.

पाऊस मुरून जमीन ओली झाली की या शेतातली बुरशी वर येण्याच्या मार्गाला लागते. कडक माती भेदायची असल्याने तिच्या टोपीच्या मधोमध एक टणक, टोकदार उंचवटा असतो. कोकणातल्या अळंबीचे करडे टोक म्हणजे हेच. जांभ्याच्या कडक मातीतून ती वर कशी येते, याचे उत्तर त्या टोकात आहे. आपल्याकडे ही शेती मुख्यतः ओडोंटोटर्मिस या वाळवीची. सगळ्याच वारुळांना उंच टेकाड नसते. पुष्कळ घरटी जमिनीखालीच असतात आणि अळंबी सपाट जागेवर उगवल्यासारखी दिसते. तिथे खाली वारूळ आहे हे ओळखणारे ते लांब मूळच.

ही सगळी मांडणी करून हाइम यांनी वाळवीशी बांधलेल्या या अळंब्यांना एक नवे आडनाव दिले, टर्मिटोमायसेस, म्हणजे वाळवीची बुरशी. बर्कलींनी श्रीलंकेच्या नमुन्यांवरून नोंदवलेली अळंबीही त्यांनी याच घरात आणून बसवली. हे काम १९४२ मध्ये संग्रहालयाच्या नियतकालिकात छापून आले.

१९४२ मध्ये पॅरिस जर्मन फौजांच्या ताब्यात होते. आफ्रिकेतल्या वारुळांवरचा हा सचित्र ग्रंथ ज्या शहरात छापला गेला, तिथे रात्रीची संचारबंदी होती, अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते आणि माणसे घरातून उचलून नेली जात होती. हाइम प्रतिकार चळवळीत सामील झाले होते. ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छळछावणीत झाली. तिथून ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेनला आणि पुढे तिच्याच गुसेन या शाखेत. या दोन्ही ठिकाणी ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. कैद्यांना तिथे उपाशीपोटी, मरेपर्यंत राबवले जाई, आणि मरणे हाच त्या व्यवस्थेचा हेतू होता. हजारो माणसे तिथे संपली. अमेरिकी सैन्य गुसेनला पोहोचले ते ५ मे १९४५ रोजी. हाइम जिवंत राहिलेल्यांत होते. परतल्यावर त्यांनी या दिवसांवर एक पुस्तक लिहिले. १९४७ मध्ये आलेल्या त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ अंधारी वाट असा होतो.

छावणीतून सुटलेल्या अनेकांचे उरलेले आयुष्य आजारपणात गेले. हाइम कामाला लागले, आणि तेही झपाट्याने. १९४६ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९५१ ते १९६५ या काळात ते त्याच संग्रहालयाचे संचालक होते. जंगलतोड, शिकार आणि रसायने यांनी निसर्गाचे काय होत आहे, यावर त्यांनी १९५२ मध्ये पुस्तक लिहिले; पर्यावरण हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत रोजचा झालेला नव्हता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचे ते १९५४ ते १९५८ अध्यक्ष होते. धोक्यातल्या प्राण्यांची आणि वनस्पतींची लाल यादी करणारी संस्था ती हीच. रेचल कार्सन यांचे कीटकनाशकांविरुद्धचे गाजलेले पुस्तक १९६३ मध्ये फ्रेंचमध्ये आले, तेव्हा त्याला प्रस्तावना हाइम यांची होती.

पण जगाच्या वर्तमानपत्रांत ते पोहोचले वेगळ्याच भूछत्रामुळे. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेतले अधिकारी गॉर्डन वॉसन यांना भूछत्रांचे वेड होते. मेक्सिकोच्या डोंगरांत मारिया सबिना नावाची एक वैदू बाई रात्रीच्या विधीत काही छोटी भूछत्रे खायला देते आणि ती खाल्ल्यावर माणसाला दृश्ये दिसतात, हे वॉसन यांनी १९५५ मध्ये स्वतः अनुभवले. भूछत्रे ओळखायची कोणी? त्यांनी हाइम यांना गाठले. हाइम मेक्सिकोला गेले, त्यांनी जाती ओळखल्या, नव्यांना नावे दिली आणि चित्रे काढली. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लाइफ साप्ताहिकात वॉसन यांचा लेख आला तो हाइम यांच्या जलरंगांसह. त्यातली एक जात हाइम यांनी पॅरिसच्या प्रयोगशाळेत वाढवून दाखवली आणि स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांच्याकडे पाठवली. प्राण्यांवरच्या चाचण्यांत काही हाती लागेना, तेव्हा हॉफमन यांनी ३२ वाळलेली भूछत्रे स्वतःच खाल्ली. १९५८ मध्ये त्यांनी त्यातला सायलोसायबिन हा घटक वेगळा काढला. आज परदेशांत नैराश्यावरचा उपचार म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याच्या चाचण्या चालू आहेत. भारतात तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतो. रानात सापडलेले भूछत्र त्या हौसेने खाऊन पाहणारा माणूस तर वर सांगितलेल्या यकृताच्या विषाशी जुगार खेळत असतो. लहान तपकिरी भूछत्रांत दोन्ही प्रकार आहेत.

या मेक्सिकोच्या प्रकरणाने हाइम यांची ओळख थोडी झाकोळली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. जादूच्या भूछत्रांचा फ्रेंच शास्त्रज्ञ अशी त्यांची प्रतिमा झाली. वारुळांचे काम त्यामानाने शांत होते आणि ते ज्यांच्या ताटात रोज येते त्यांना त्याची बातमी कधी पोहोचलीच नाही.

वॉसन यांच्याबरोबर १९६० च्या दशकात हाइम पूर्व भारतातही आले. ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल टोपीचे एक भूछत्र, असे वॉसन यांचे मत होते. १९६८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिले. संस्कृतच्या अनेक अभ्यासकांनी ते मान्य केले नाही. पण या शोधात दोघे संथाळांच्या गावांत पोहोचले आणि तिथे त्यांना भाषेतले एक नवल भेटले. संथाळी भाषेत नामांचे दोन गट आहेत, प्राण असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे. माणसे, जनावरे प्राण असलेल्या गटात. झाडे, गवत, भाज्या नसलेल्या गटात. भूछत्रेही तिथेच. अपवाद एकाच भूछत्राचा, पुटका नावाच्या. पावसाच्या सुरुवातीला मातीत अर्धवट दडलेला हा लहान वाटोळा गोळा संथाळ आवडीने खातात, आणि तो मात्र प्राण असलेल्यांत मोजतात. का, याचे उत्तर गावकऱ्यांनाही नीटसे देता येईना. १९७० मध्ये हाइम आणि वॉसन यांनी पुटकावर जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच आत्मा असलेले भूछत्र असे शब्द आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला खेड्यातल्या भाषेतला हा भेद नोंदवावासा वाटला, हे त्याच्या स्वभावाविषयी बरेच सांगते. लोक एखाद्या छत्रीला काय म्हणतात, ती कधी आणि कुठे शोधतात, हेही त्यांच्या लेखी ओळखीचाच भाग होते.

कोकणात हे ज्ञान बहुतेक घरांत बायकांकडून आणि गुराख्यांकडून पुढे आले. कोणत्या नक्षत्राच्या पावसात कोणती अळंबी, कोणत्या वारुळावर, किती दिवस, हे त्यांना ठाऊक असते. त्यांची परीक्षा चांदीच्या नाण्याची नसते. जागा तीच, वेळ तीच, खाली लांब मूळ, टोपीला टणक टोक, आणि आजी-आजोबांपासून खात आलेली. यातले एक जरी जुळले नाही तरी ते अळंबी सोडून देतात. धोका वाढतो तो ही साखळी तुटल्यावर. शहरातून सुटीला आलेला माणूस वारुळाजवळ उगवले म्हणून काहीही उचलतो, तेव्हा वारुळावर इतर भूछत्रेही येतात, हे त्याला माहीत नसते.

दुसरी अडचण अळंबीच्या बाजूची आहे. वाळवीच्या बहुतेक जातींत नवे वारूळ वसवणारी जोडी बुरशीचे बी बरोबर नेत नाही. नव्या घरट्यातले पहिले कामकरी बाहेर पडून ते गोळा करतात, आणि ते बी येते उमललेल्या छत्र्यांच्या बीजाणूंतून. बाजारात न उमललेल्या कोवळ्या अळंबीला मागणी जास्त. ती सगळीच कळीच्या अवस्थेत काढली, तर बीजाणू पडणारच नाहीत. त्यातही घाईने वारूळ खणून काढणारे लोक पुढच्या वर्षाचे शेतच मोडतात. गोव्यात अभयारण्यांतून अळमी काढायला वनखाते मनाई करते ते यासाठीच. रत्नागिरीत हा प्रश्न अजून गावपातळीवरच्या शहाणपणावर सोडलेला आहे. काही छत्र्या उमलू द्यायच्या आणि मूळ ओढताना पोळे उकरायचे नाही, एवढे पाळले तर पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा जाता येते.

हाइम यांनी वाळवी आणि भूछत्रे यांच्यावरचे सगळे काम एका पुस्तकात आणले ते १९७७ मध्ये, म्हणजे पहिल्या नामकरणानंतर पस्तीस वर्षांनी. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, मद्रासचे संशोधक के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका अळंबीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पांढरी टोपी, मधोमध करडे टोक, दांड्याला जाड पांढरे वलय, खाली मातीत शिरलेले लांब मूळ. तिला त्यांनी टर्मिटोमायसेस हाइमी हे नाव दिले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला पॅरिसमध्ये हाइम यांचे निधन झाले. पश्चिम घाटाच्या पट्ट्यात पावसाळ्यात लोक जी अळंबी शोधत फिरतात, तिच्यातल्या मुख्य जातींपैकी ही एक. आता डीएनए तपासून या जातींच्या सीमा पुन्हा आखल्या जात आहेत. काही नावे गळत आहेत, काही नवी येत आहेत. प्रजातीचे नाव मात्र १९४२ साली पॅरिसमध्ये छापले गेले तेच राहिले आहे.